कंपायलरचा परवाना खरोखर बदलला आहे का? एका पडताळणीचा अनुभव

आम्ही वापरत असलेल्या एका छोट्या सी कंपायलरची (सी भाषेतला मजकूर यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणाऱ्या सॉफ्टवेअरची) नवी आवृत्ती आली, तेव्हा तिच्यासोबतच्या बदलांच्या यादीत अगदी शेवटी एक ओळ होती: परवाना एलजीपीएल २.१ वरून एमआयटीवर नेला आहे. हे दोन्ही मुक्तस्रोत परवाने, म्हणजे कोड कोणी कोणत्या अटींवर वापरावे हे ठरवणारे मजकूर. त्या ओळीच्या वर वेगाविषयी, नव्या प्रोसेसरसाठी केलेल्या कामाविषयी आणि दुरुस्त झालेल्या चुकांविषयी दोन पाने मजकूर होता, पण आमच्या गटात त्याबद्दल कोणी फारसे बोलले नाही. जो तो त्या शेवटच्या ओळीबद्दलच बोलत होता. आमचे सॉफ्टवेअर मुख्यतः जीसीसी या प्रसिद्ध मुक्तस्रोत कंपायलरने तयार होते. हा पर्यायी कंपायलर आम्ही लायब्ररीच्या रूपात आमच्या सॉफ्टवेअरमध्येच बसवला आहे, म्हणजे वापरणाऱ्याने सीमध्ये लिहिलेले छोटेसे सूत्र तेथल्या तेथे मेमरीत कंपाइल होते आणि लगेच चालते. लायब्ररी अशी आपल्याच प्रोग्रॅममध्ये कायमची बसवली, म्हणजे स्थिर जोडणी केली, की एलजीपीएलचे सहावे कलम लागू होते आणि वापरणाऱ्याला कंपायलरचा भाग बदलून पुन्हा जोडता यावा यासाठी आमच्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले, पण अजून जोडायचे तुकडे) त्याला उपलब्ध करून द्याव्या लागतात. आम्ही त्या प्रत्येक आवृत्तीसोबत इमानाने, पण कुरकुरत, देत होतो. एमआयटी परवान्यात मात्र मूळ सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवला की काम भागते.

त्यामुळे माझ्या सहकाऱ्याने आमच्या सॉफ्टवेअरमधील बाहेरच्या घटकांची आणि त्यांच्या परवान्यांची जी यादी आम्ही ठेवतो तिच्यातील नोंद बदलून ती माझ्याकडे मंजुरीसाठी पाठवली, यात नवल नव्हते. ही यादी माझ्या नावाने जाते, म्हणून मी दोन दिवस मागून घेतले. प्रत्यक्षात पाच आठवडे लागले.

माझा पहिला प्रश्न साधा होता: हा बदल करण्याचा अधिकार कोणाला होता? परवाना बदलतो तो कॉपीराइट ज्याच्याकडे आहे तो, आणि मुक्तस्रोत प्रकल्पात कॉपीराइट बहुधा एका हातात नसतो. जीसीसीच्या बाबतीत तो दीर्घकाळ फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेकडे लेखी हस्तांतरित होत असे, आणि शिवाय तिच्या फाइलींवर 'किंवा त्यानंतरची कोणतीही आवृत्ती' अशी मुभा होती. म्हणूनच २००७ मध्ये ४.२.१ ही आवृत्ती जीपीएल २ (एलजीपीएलपेक्षा कडक परवाना) खाली आणि लगेच पुढची ४.२.२ जीपीएल ३ खाली निघू शकली. एलएलव्हीएम या दुसऱ्या मोठ्या कंपायलर प्रकल्पात असे हस्तांतरण कधीच नव्हते. तेथे परवाना बदलण्याची चर्चा २०१५ मध्ये सुरू झाली, १९ जानेवारी २०१९ पासून येणारे नवे योगदान अपाची २.० या परवान्याखाली आणि त्याला जोडलेल्या एलएलव्हीएम अपवादाखाली घेतले जाऊ लागले, आणि त्या परवान्याखालची पहिली आवृत्ती, ९.०, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आली. जुन्या योगदानकर्त्यांची संमती गोळा करण्याचे काम त्यानंतरही चालूच राहिले, म्हणून परवान्याच्या फाइलीत नव्या मजकुराखाली जुना परवानाही ठेवावा लागला. डी भाषेच्या डीएमडी कंपायलरची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. त्याचा मागचा भाग (अंतिम यंत्रकोड तयार करणारा) मूळ कर्त्याने स्वतः लिहिलेला होता, पण हक्क सिमँटेककडे गेलेले असल्याने २०१७ मध्ये त्या कंपनीने परवानगी देईपर्यंत तो भाग खुल्या परवान्याखाली आणणे त्यालाही शक्य नव्हते.

आमच्या कंपायलरने धरलेली वाट टायनीसीसीसारखी होती. फाब्रिस बेलार यांच्या त्या प्रसिद्ध छोट्या कंपायलरच्या स्रोतात पुनर्परवान्याच्या नावाची एक स्वतंत्र फाइल आहे. तीत एमआयटीसारखा मजकूर दिलेला असून त्याखाली योगदानकर्ते आपापल्या नावापुढे संमती नोंदवतात, काहीजण ठरावीक फाइलींपुरतीच. ही पद्धत मला मनापासून आवडते, कारण तिच्यात दावा आणि पुरावा एकाच ठिकाणी राहतात. आमच्या प्रकल्पानेही अशीच फाइल ठेवली होती. फरक एवढाच होता की यांनी परवाना बदलल्याचे जाहीरही केले होते.

काम सुरू करताना मी सर्वांत सोपी गोष्ट केली. परवाने शोधणारा स्कॅनर नव्या आवृत्तीवर चालवला. निकाल निर्मळ आला: प्रत्येक फाइल एमआयटी, अपवाद एकही नाही. सहकाऱ्याने हाच अहवाल जोडला होता आणि त्याच्या दृष्टीने विषय तेथेच मिटला होता. मला मात्र त्या निर्मळपणाचीच शंका आली. वीस वर्षे वापरात असलेल्या घरात एकही उसनी आणलेली वस्तू निघू नये, हे पटण्यासारखे नाही. कंपायलर लिहिणारे लोक ईएलएफ या फाइल-स्वरूपाच्या व्याख्या, विंडोजची हेडरे (फंक्शनांची ओळख देणाऱ्या फाइली), आकडेमोडीची फंक्शने इकडून तिकडून घेतात, आणि त्यात गैर काही नाही.

कोडमधल्या बदलांचा इतिहास उघडल्यावर कारण लगेच दिसले. परवाना बदलणाऱ्या एकाच कमिटने (इतिहासात नोंदलेल्या एका बदलाने) जवळजवळ प्रत्येक फाइलीला हात लावला होता. एका स्क्रिप्टने फाइलींच्या माथ्यावरच्या जुन्या टिप्पण्या काढून त्या जागी एसपीडीएक्सची एकेक ओळ बसवली होती. एसपीडीएक्स ही परवाने नेमक्या खुणांनी नोंदवण्याची पद्धत उत्तम आहे, २०२१ मध्ये तिला आयएसओ मानकाचा दर्जाही मिळाला, पण त्या ओळीत जे लिहिले तेच ती सांगते. स्कॅनरने मला स्क्रिप्टचेच म्हणणे परत ऐकवले होते.

म्हणून मी तोच स्कॅनर त्या कमिटच्या आदल्या अवस्थेवर चालवला आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवले. ही एक युक्ती सोडली, तर या सगळ्या प्रकरणात मी विशेष हुशारी काही केली नाही. बाकी सगळी चिकाटी होती. जुन्या अवस्थेत बहुतेक फाइली अपेक्षेप्रमाणे एलजीपीएलच्या होत्या. काहींवर बीएसडी या सैल परवान्याची सूचना होती. विंडोजची हेडरे सार्वजनिक मालकीची म्हणून सोडून दिलेली होती. आणि रनटाइम लायब्ररीच्या फोल्डरमधील एका फाइलीवर जीपीएल २ आणि एक अपवाद असा मजकूर होता. त्या फाइलीकडे मी पुढे वळेन. तेव्हा मात्र मी तिच्यासमोर प्रश्नचिन्ह लावून माणसांच्या यादीकडे गेले.

गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या सारांशात एकाहत्तर नावे निघाली. एकच माणूस तीन ईमेल पत्त्यांनी, कधी पूर्ण नावाने तर कधी टोपणनावाने वावरतो, त्यामुळे नावे जुळवून ती अठ्ठावन्नवर आली. पण ही संख्याही खरी नव्हती. प्रकल्पाची सुरुवातीची वर्षे सीव्हीएस या गिटपूर्वीच्या साधनात गेली होती, आणि सीव्हीएसमध्ये बदल लिहिणारा आणि तो नोंदवणारा यांच्यासाठी वेगळ्या जागा नसतात. मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, दुसऱ्याचा पॅच (पाठवलेला बदल) स्वीकारला की इतिहासात नाव मेंटेनरचेच राहते. गिट हा भेद ठेवते, पण जुना इतिहास गिटमध्ये आणताना जे मुळातच नोंदले गेले नव्हते ते कोठून येणार? मग मी जुने कमिट-संदेश आणि बदलनोंदींची फाइल ओळ न् ओळ वाचली. 'अमुक यांचा पॅच', 'तमुक यांनी सुचवलेली दुरुस्ती' अशा उल्लेखांतून आणखी नऊ माणसे सापडली, ज्यांची नावे यंत्राने काढलेल्या यादीत कधीच आली नसती. एकूण सदुसष्ट. संमतीच्या फाइलीत एकोणपन्नास नावे होती.

उरलेल्या अठरांपैकी कोणाचे लिखाण आजच्या कोडमध्ये शिल्लक आहे, हे पाहणे ही पुढची पायरी. त्यासाठी गिट ब्लेम आहे, पण ते नुसते चालवले तर फसवते. ते सांगते ते ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला एवढेच. या प्रकल्पात मध्ये एकदा साऱ्या फाइलींचे समासांतर (ओळींपुढची मोकळी जागा) बदलले गेले होते, त्यामुळे निम्मे कोड त्या एका हौशी माणसाच्या नावावर दिसत होते. मोकळ्या जागांचे बदल दुर्लक्षित करण्याचा आणि तो विशिष्ट कमिट वगळण्याचा पर्याय वापरल्यावर, तसेच दुसऱ्या फाइलींतून उचलून आणलेल्या ओळींचा माग कोणत्याही जुन्या कमिटपर्यंत काढणारा पर्याय तीनदा दिल्यावर (तो खरोखर तीनदा लिहावा लागतो) चित्र स्पष्ट झाले. अठरापैकी सात जणांच्या ओळी आजही जिवंत होत्या.

या टप्प्यावर मी आमच्या विधी सल्लागारांना विचारले, "सातपैकी चौघांनी एखादी ओळ किंवा एखादी टंकनचूक दुरुस्त केली आहे. यांच्या संमतीवाचून अडेल का?" त्यांनी थेट उत्तर दिले नाही, आणि ते बरोबरच होते. किती ओळींपासून कॉपीराइट सुरू होतो याचा आकडा कोणताही कायदा देत नाही. जीसीसी ज्याचा भाग आहे त्या जीएनयू प्रकल्पाच्या मेंटेनरांसाठीच्या मार्गदर्शनात सुमारे पंधरा ओळींचा अंदाज दिला आहे, तोही अंदाज म्हणूनच. शेवटी प्रत्येक बदल त्यांना उघडून दाखवला आणि त्यांनी एकेकावर शेरा लिहून दिला. ते चार निकालात निघाले. राहिलेल्या तिघांपैकी एकाने मेंटेनरच्या पत्राला दुसऱ्या दिवशी होकार कळवला. दुसऱ्याचे फंक्शन आता लागत नसल्याने सरळ काढून टाकता आले. तिसऱ्याने एआरएम प्रोसेसरवर फंक्शनला दशांश संख्या कशा पोचवायच्या याचा सुमारे दोनशे ओळींचा भाग लिहिला होता, आणि त्याच्या पत्त्यावर पाठवलेली पत्रे परत येत होती. मौन म्हणजे संमती हे सभेत चालते, कॉपीराइटमध्ये चालत नाही.

ज्यांनी संमती दिली होती त्या एकोणपन्नास नोंदीही मी तशाच सोडल्या नाहीत, आणि याचा सहकाऱ्याला थोडा राग आला. पण नोंद कोणी लिहिली, हे पाहायला नको का? बहुतेकांनी स्वतःच्या कमिटने आपले नाव घातले होते. काही नावे मेंटेनरने 'ईमेलने कळवले' असे लिहून घातली होती. ती पत्रे मी मागितली आणि त्याने न कुरकुरता दाखवली. त्यांतल्या एकाचा होकार अर्धा होता: नोकरीत असताना लिहिलेल्या भागाबद्दल मी बोलू शकत नाही, नंतरच्या भागाला माझी हरकत नाही. अनेक ठिकाणी नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कामाचा कॉपीराइट मालकाकडे जातो, म्हणजे त्याचे म्हणणे अगदी काटेकोर होते. पण फाइलीत चढताना त्या वाक्याचा पूर्वार्ध गळून गेला होता आणि उरला होता निव्वळ होकार. कोणाचा लबाडीचा हेतू नव्हता. एका ओळीच्या तक्त्यात अट मावत नाही, एवढेच. त्याच्या जुन्या कंपनीकडून रीतसर पत्र यायला तीन आठवडे लागले, आणि माझ्या पाच आठवड्यांपैकी मोठा वाटा त्यातच गेला.

आता ती रनटाइमची फाइल. कंपायलरच्या परवान्याबद्दल बोलताना लोक कंपायलरकडेच पाहतात, आणि माझ्या मते हीच मोठी चूक आहे. संपादकाचा किंवा ब्राउझरचा परवाना त्या सॉफ्टवेअरपुरता असतो. कंपायलर मात्र स्वतःचे थोडेसे अंग त्याने तयार केलेल्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये सोडतो. ३२ बिटांच्या प्रोसेसरला ६४ बिटांच्या संख्यांचा भागाकार एका सूचनेत बहुधा करता येत नाही, म्हणून कंपायलर तेथे एका तयार फंक्शनला बोलावणे ठेवतो, आणि ते फंक्शन रनटाइम लायब्ररीतून येऊन वापरणाऱ्याच्या बायनरीत (तयार प्रोग्रॅममध्ये) कायमचे बसते. म्हणून कंपायलर जीपीएलचा असला तरी त्याने घडवलेले प्रोग्रॅम जीपीएलचे होऊ नयेत यासाठी वेगळा अपवाद लिहावा लागतो. जीसीसीने २००९ मध्ये जीपीएल ३ साठी असा सविस्तर अपवाद प्रसिद्ध केला. त्यापूर्वी त्या फाइलींवर एक आखूड परिच्छेद असे: या फाइलीचे कंपाइल केलेले रूप इतर प्रोग्रॅमांशी जोडण्याची आणि ते वाटण्याची अमर्याद परवानगी आहे. एलएलव्हीएमच्या नव्या परवान्यातील अपवादही याच कारणासाठी आहे. सॉफ्टवेअरचे अंश कंपाइल केलेल्या ऑब्जेक्टमध्ये उतरले, तर अपाची परवान्याच्या सूचना सोबत ठेवण्यासारख्या अटी तेवढ्यापुरत्या पाळाव्या लागत नाहीत.

आमच्या कंपायलरची भागाकाराची फाइल जुन्या जीसीसीतून आलेली होती. फंक्शनांची नावे जीसीसीसारखी होती, पण तो पुरावा नव्हे, कारण ती नावे संकेत म्हणून सगळेच वापरतात. पुरावा त्या स्क्रिप्टने पुसलेल्या माथ्यावर होता: फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची ऐंशी-नव्वदच्या दशकांतील वर्षे दाखवणारी कॉपीराइट-सूचना, जीपीएल २ किंवा नंतरची आवृत्ती, आणि तो आखूड परिच्छेद. गिटच्या इतिहासात मजकूर शोधणाऱ्या पर्यायाने मी त्यातील एक वाक्य शोधले, तर ते पहिल्याच वर्षी आलेले आणि परवाना-बदलाच्या कमिटमध्येच गेलेले दिसले. फाउंडेशनचे नाव योगदानकर्त्यांच्या कोणत्याच यादीत नव्हते, कारण फाउंडेशनने या प्रकल्पाला काही पाठवलेच नव्हते. सदुसष्ट माणसांचा हिशोब पैन् पै जुळला असता, तरी ही फाइल त्या हिशोबाबाहेरच राहिली असती.

याचा परिणाम किती गंभीर, याबद्दल मला अतिशयोक्ती करायची नाही. त्या अपवादामुळे कंपायलर वापरणाऱ्यांच्या प्रोग्रॅमांना काहीही धोका नव्हता. आम्हालाही कंपाइल केलेले रूप वाटता येत होते. पण फाइल एमआयटीची नव्हती. तिचा स्रोत एमआयटी समजून कोणी दुसऱ्या प्रकल्पात उचलला असता, तर त्याने नकळत परवाना मोडला असता. आणि ज्या परिच्छेदावर सर्वांची सुरक्षितता टेकलेली होती, नेमका तोच परिच्छेद मूळ सूचनेसह खोडला गेला होता.

मेंटेनरला मी हे सगळे लिहून पाठवले, जुन्या आणि नव्या माथ्यांची तुलना जोडून. उत्तर त्याच दिवशी आले. स्क्रिप्टमध्ये फोल्डर वगळण्याची सोय होती आणि रनटाइमचे फोल्डर वगळायचे राहून गेले होते. पुसलेली सूचना त्याने लगेच परत बसवली आणि फाइलच बदलायची ठरवली. एलएलव्हीएमच्या कंपायलर-आरटी या भागात हीच भागाकाराची फंक्शने आहेत, ती घ्यावी, असे त्याने सुचवले. येथे पुन्हा तारखेने घात केला असता. ताजी फाइल घेतली तर ती अपाची आणि एलएलव्हीएम अपवादाखाली येते, म्हणजे 'सर्व काही एमआयटी' हे वाक्य पुन्हा खोटे ठरते. जानेवारी २०१९ पूर्वीचा कंपायलर-आरटी मात्र दुहेरी परवान्याखाली होता, इलिनॉय विद्यापीठाचा किंवा एमआयटी, ज्याला जो हवा तो. म्हणून ठरवून जुनी फाइल घेतली, आणि तिच्या माथ्याची सूचना या वेळी कोणी हलवली नाही. एआरएमचा दोनशे ओळींचा भाग एका नव्या योगदानकर्त्याने जुने कोड न उघडता, एआरएमने प्रसिद्ध केलेल्या फंक्शन-बोलावण्याच्या मानकावरून नव्याने लिहिला. तो मूळच्यापेक्षा आखूड झाला, हा वरचा लाभ.

चाचण्यांच्या फोल्डरमध्ये उसने कोड बरेच होते, पण ते आम्ही वाटत नाही, म्हणून तेथे मी वेळ घालवला नाही. प्रकाशित केलेली संकुचित फाइल आणि गिटमधील सही केलेला टॅग (आवृत्तीची खूण) यांची तुलना मात्र केली, आणि दस्तऐवजांच्या फोल्डरमध्ये एलजीपीएलची जुनी प्रत तशीच राहिलेली सापडली. ते पाच मिनिटांचे काम होते.

आमच्या यादीत अखेर दोन नोंदी गेल्या. जाहीर झालेल्या आवृत्तीसाठी मी एमआयटी लिहिले नाही. संमती न मिळालेल्या भागामुळे ती नोंद एलजीपीएल २.१ अशीच ठेवली आणि रनटाइमच्या फाइलीपुढे जीपीएल २ व जीसीसीचा अपवाद असे वेगळे लिहिले. त्यापुढच्या आवृत्तीसाठी, आधीची आणि नंतरची अवस्था पुन्हा एकदा शेजारी ठेवून पाहिल्यानंतर, एमआयटी लिहिले, सोबत कमिटची खूण आणि भागाकाराच्या फाइलीचा दुहेरी परवाना नमूद केला. दुसऱ्या वेळी सगळ्याला एक दुपार पुरली.

ऑब्जेक्ट फाइली देणे आम्ही त्या आवृत्तीपासून थांबवले. आधी वाटलेल्या आवृत्त्या मात्र एलजीपीएलखालीच गेल्या आहेत आणि त्यांच्यासोबत आम्ही परवान्यात सांगितल्याप्रमाणे तीन वर्षांचे लेखी आश्वासन दिले होते, म्हणून त्यांचे फोल्डर सर्व्हरवर तसेच आहे आणि शेवटच्या प्रतीची मुदत संपण्याची तारीख त्याच्या नावातच लिहून ठेवली आहे. सहकाऱ्याने ते एकदा जागा मोकळी करताना पुसायला घेतले होते. आता त्यावर लिहिण्याची परवानगी फक्त माझ्या खात्याला आहे.